खुंटीवरची चकती

त्या दिवशी मी खाली उतरले ती फक्त एक माप पुन्हा घ्यायला. नकाशात खड्ड्याची एक भिंत चार बोटं चुकत होती. बाकी काही कारण नव्हतं.

सर सव्वीस वर्षं जमिनीखाली गाडलं गेलेलं एक शहर शोधत होते. मी त्यांच्याकडे नकाशे काढायचे. खणण्याचा परवाना त्या संध्याकाळी संपत होता, आणि दाखवण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. मुकादमकाका रोज म्हणायचे, "सर, शहर नाही लागलं तरी गावाला विहीर झाली बघा." सर हसायचे. मला हसू यायचं नाही.

खड्डा नऊ मीटर खोल होता. तोंडाशी एक फळी, तिच्यावर खिळे. उतरणाऱ्याने आपला पत्र्याचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आला की काढायचा. माती ढासळली तर खाली किती जण आहेत ते कळावं म्हणून. सरांचा बिल्ला एक नंबर, माझा चार.

मी उतरले तेव्हा सर एका दारात उभे होते. सकाळपर्यंत तिथे नुसती माती होती. दारापलीकडे छोटी खोली, आणि खोलीतून खाली जाणारा जिना. ओल्या राखेसारखा वास येत होता.

"हे बघ," सर हळूच म्हणाले.

जिन्याच्या तोंडाशी भिंतीत दगडी खुंट्यांची ओळ होती. सगळ्या रिकाम्या. शेवटच्या खुंटीवर मात्र भोक पाडलेली भाजक्या मातीची चकती.

"आपल्यासारखेच गं हे! यांच्याही खाली एक शहर होतं. तेही खणत होते, आणि उतरताना माणसं मोजत होते."

"मग ही एक..."

"एक जण वर आला नाही." सरांनी दिवा चकतीजवळ धरला. "हात लावू नकोस. आधी फोटो, नोंद. उद्या मुदत वाढवून मागू."

मुदत कोण देणार होतं? पुराव्याशिवाय त्यांची सव्वीस वर्षं कपाटात कुजली असती. सत्य लोकांसमोर यायला हवं, आजच, असं मला वाटत होतं. सर दिवा घेऊन दोन पायऱ्या उतरले, त्यांची पाठ वळली, आणि मी चकती काढून खिशात टाकली.

चकती काढली म्हणजे माणूस वर आला. नियम मला पाठ होता. त्या क्षणी सुचला नाही, एवढंच.

खाली, दिव्याच्या उजेडापलीकडे, माती सरकल्यासारखा आवाज झाला. मग पुन्हा. अंतर ठेवून, एकेक पायरी चढल्यासारखा.

"कोण आहे रे...?" सरांनी विचारलं. मग मला म्हणाले, "तू वर हो. मी आलोच."

मी वर आले. माझा बिल्ला काढला. भर दुपार होती. वीस मिनिटांनी सर वर आले. शिडीची प्रत्येक पायरी ते हाताने चाचपत होते. उन्हात त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"सर, बिल्ला राहिला की," मुकादमकाका म्हणाले.

सरांनी फळी पाहिली. एकेक खिळा पाहिला. बिल्ला काढला नाही.

"भरून टाका," ते म्हणाले.

"अहो, एवढी वर्षं..."

"भरून टाका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. पण चकती माझ्या खिशात होती, आणि ती कुठून आली हे सांगावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत खड्डा बुजला. मीही मातीच्या पाट्या टाकल्या.

ती फळी आता माझ्या खोलीत भिंतीवर आहे. एक नंबरचा बिल्ला अजून तिच्यावरच आहे. तो काढायला माझा हात कितीदा तरी जातो. काढला तर खाली राहिलेले सर वर येतील. पण मी चकती काढली तेव्हाही वर एक जण आला आणि त्याच्या बदल्यात खाली एक राहिला.

सर दर रविवारी सकाळी येतात. चहा घेतात, फळीकडे पाठ करून बसतात. शहराचं नाव काढत नाहीत. परवा निघताना दारात थांबले.

"तुझा बिल्ला कुठे असतो गं?"

"टेबलाच्या खणात," मी म्हणाले.

ते हसले आणि गेले. मी खण उघडला. आत फक्त मातीची चकती होती. फळीकडे मी बराच वेळ पाहिलं नाही. शेवटी पाहिलं.

चौथ्या खिळ्यावर माझा बिल्ला अडकवलेला होता.