उजव्या बाजूचा दिवा

छ्यू पेइलिनने वडिलांच्या मोटरसायकलला दोन फॉग लाइट बसवले ते मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. वडील, वांगथू, ओट्यावर बसून सुपारी चघळत होते आणि दर मिनिटाला कागदी पेल्यात लाल थुंकी टाकत होते. शेजारचा आखून काका पाना हातात धरून नुसताच उभा होता. त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण पेइलिन त्याला वायरला हात लावू देत नव्हती. ती लोंगथानच्या एका कारखान्यात भिंगांची तपासणी करायची. दिवा आणि काच हा तिचा विषय होता.

बांबूचे कोंब उजाडायच्या आत खणावे लागतात. ऊन लागलं की ते हिरवे पडतात, कडू होतात. म्हणून वांगथू तीस वर्षं रात्री दोनला कपाळावर बॅटरी बांधून बांबूत शिरत आणि चारला दोन टोपल्या कॅरियरला आवळून दाशीच्या बाजाराला निघत. चौदा किलोमीटरचा उतार, रस्त्याला एक दिवा नाही. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात जास्त. एप्रिलमध्ये ते एका वळणावर पडले आणि कठड्यामुळेच दरीत जायचे वाचले. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा. वांगथू म्हणाले हंगाम संपल्यावर. हंगाम ऑक्टोबरात संपणार होता. तोवर बाप जिवंत राहावा, एवढंच पेइलिनला हवं होतं.

“स्विच कुठाय गं?” आखून काकाने हँडल चाचपत विचारलं.

“नाही ठेवला. हेडलाइटच्या वायरवरच घेतलंय. गाडी सुरू, दिवे सुरू.”

“वा! आणि भाऊंच्या वळणावर काय करायचं?”

“तिथंच तर बाबा पडले, काका.”

“तिथं दिवा खाली करतात, पोरी,” वांगथू म्हणाले. “त्यांच्या तोंडावर मारत नाहीत.”

“स्विच ठेवला तर तुम्ही बॅटरी वाचवायला दिवे बंदच ठेवाल. घरातला पंखा तरी लावता का कधी?”

“हे मात्र खरं,” आखून हसला. “याच्या घरी डाससुद्धा अंधारातच चावतात.”

रस्ता फोडताना त्या वळणावर हाडं निघाली होती. कुणाची ते कळलं नाही, म्हणून गाव त्या मेलेल्यांना नुसतं ‘भाऊ’ म्हणे. गावाने ती मडक्यांत भरून उजव्या हाताच्या डोंगरकुशीत सिमेंटच्या एका ठेंगण्या खोपटात ठेवली. खोपटाला दार नव्हतं. खाली उतरणारा प्रत्येक जण तिथे दिवा मंद करी, ‘वाट द्या, भाऊ’ म्हणे आणि पुढे जाई. पेइलिनही लहानपणापासून म्हणत आली होती. पण वळणावर दिवा मंद करणं म्हणजे काय, ते तिला वडिलांच्या खरचटलेल्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

सोमवारी वांगथू खुशीत परतले. “उधळी पोर! दिवसासारखं दिसतं की!”

संध्याकाळी ती दिवे पुसायला बसली. डाव्या काचेवर पतंग चिरडले होते: पंखांचा भुसा, वाळलेला पिवळा चिकटा, एक पाय. उजव्या काचेवर एकही कीटक नव्हता. होती ती चरबी, पातळ आणि पांढरट, डुकराच्या हाडांचं सूप गार झाल्यावर वर धरते तशी. तिने नखाने खरवडली. नखाखाली गेलेला वास दोनदा साबण लावूनही जाईना. रात्री भाताचा घास तोंडाशी नेला तेव्हा तो वास आधी आला. तिने वाटी खाली ठेवली.

मंगळवारी थर जाड होता. बुधवारी त्यात रेषा होत्या, खालून वर गेलेल्या, एकमेकींना लागून. तिने बॅगेतलं भिंग काढलं. रेषांमध्ये बारीक खड्ड्यांच्या रांगा होत्या. असे ठसे कशाचे उठतात हे तिला माहीत होतं. लहानपणी ती गार काचेला जीभ लावायची. पण ही जीभ तिच्या तळहाताहून रुंद होती.

“कुत्रं चाटत असेल,” वांगथू म्हणाले.

“कुठलं कुत्रं? गाडी कुठे उभी करता तुम्ही?”

“कुठेच नाही.” त्यांनी थुंकी टाकली. “भाऊंपाशी जरा हळू होते, एवढंच. आपोआप.”

तिने मापं घेतली. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांचा उजेड मोजला. उजवा डाव्याच्या निम्मा होता. काच स्पिरिटने पुसली, तरी निम्माच. दोन्ही दिव्यांना वीज सारखीच मिळत होती. मग तिने दिव्यांची अदलाबदल केली, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. दिव्यात दोष असेल तर तो दिव्याबरोबर जायला हवा होता.

दोष उजवीकडेच राहिला.

पेइलिनने हत्यारं गोळा केली. मग तिने कारखान्यात कळवलं की उद्या उशीर होईल.

गुरुवारी पहाटे ती वडिलांच्या मागे बसली. टोपल्यांतल्या ओल्या कोंबांचा मातकट वास पाठीमागून येत होता. दोन्ही दिव्यांचे पिवळे झोत रस्त्यावर पडले होते, उजवा फिका, तरी लांब आणि स्वच्छ. खड्डे, पानं, कठड्यावरचं शेवाळ, सगळं दिसत होतं. आपण चूक केलेली नाही, असं तिला सातव्या किलोमीटरपर्यंत वाटत राहिलं.

वळण आलं. वांगथूंचा अंगठा सवयीने हेडलाइटच्या बटणावर गेला. हेडलाइट मंद झाला. फॉग लाइट झाले नाहीत. उजव्या दिव्याचा झोत डोंगरकुशीत शिरला आणि खोपटाच्या तोंडावर पडला.

“वाट द्या, भाऊ,” वांगथू म्हणाले.

गाडी हळू झाली. इंजिनाचा आवाज तोच होता.

झोत खोपटापर्यंत पोचत नव्हता. मधेच तुटला होता. हवेत, चाकूने कापावा तसा. पलीकडे नुसता काळोख.

उजेड असा संपत नाही. तो विरत जातो. तिने स्वतःला हे शब्दांत सांगितलं.

मग तुटलेली कड जवळ आली. चार मीटर. दोन.

आवाज येऊ लागला. चपचप, चपचप. ताटली चाटून पुसून स्वच्छ करावी तसा.

तिच्या उजव्या गुडघ्याला ऊब लागली. ओली ऊब, आणि तोच वास.

उजवा दिवा विझला नव्हता. त्याची काच दिसत होती, लालसर, पापणी मिटून सूर्याकडे बघितल्यासारखी. काहीतरी त्या काचेवरून खालून वर जात होतं. पुन्हा खालून वर.

वांगथूंनी मान उजवीकडे वळवली होती. ते बघत होते.

“बाबा, चला!”

“हो, हो. झालंच त्यांचं.”

वळण संपलं. झोत पुन्हा लांब पडला. बाजारात पोचल्यावर पेइलिनने पहिल्या नळाखाली उजवा गुडघा घासून धुतला.

त्याच दुपारी तिने दोन्ही दिवे उतरवले आणि वायरी कापून टाकल्या. “ऑक्टोबरपर्यंत बाजार बंद,” ती म्हणाली. “मी पैसे देते.”

“कोंब काय ऑक्टोबरपर्यंत जमिनीत थांबतात?” वांगथू म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. “तू नको काळजी करू. मी त्यांच्याशी बोलतो.”

तिने गाडीची किल्ली उशीखाली ठेवली. पहाटे जाग आली तेव्हा उशीखाली किल्ली नव्हती आणि अंगणात गाडी नव्हती. वडिलांची कपाळाला बांधायची बॅटरी मात्र खिळ्याला लटकत होती.

तिने आखून काकाला उठवलं. त्याच्या स्कूटरवरून दोघं वळणापर्यंत गेले. कठडा शाबूत होता, दरीत काही नव्हतं. खोपटापुढचं गवत आडवं झालेलं होतं, कुणीतरी बराच वेळ बसल्यासारखं. ते बाजारात पोचेपर्यंत वांगथू कोंब विकून निघूनही गेले होते; बाजाराच्या गल्ल्यांत कुठेतरी चुकामूक झाली.

पेइलिन घरी आली तेव्हा ते स्वयंपाकघरात, खिडकी लावून, काळोखात पेज जेवत होते. तिने दिवा लावला.

“बंद कर तो. टोचतोय.”

“बाबा, बॅटरी न घेता कसं खणलंत?”

“दिसतं की! दगड न् दगड दिसला मला आज. मुंगीसुद्धा.” ते हसले आणि तिच्याकडे वळले.

उजव्या बुबुळावर वर्षभर साचलेला दुधी पडदा नव्हता. बुबुळ स्वच्छ होतं, ओलं आणि काळं. बाप आता पडणार नव्हता. पेइलिनने आनंदाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग तिला त्या डोळ्याच्या पापण्या दिसल्या. सगळे केस एकमेकांना चिकटून खालून वर, भुवईपर्यंत वळले होते, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे असतात तसे. भुवईतली चरबी गार होऊन पांढरी पडू लागली होती.

वांगथूंनी पेजेचा घोट घेतला.

“उद्यापासून परत येतानाही जरा थांबेन तिथे,” ते म्हणाले. “चढताना ते डाव्या हाताला येतात.”