इंद्रजीतचं चौथं रक्त

आमची पहिली भेट चुकीने झाली. दुसऱ्याच पेशंटचा नंबर पुकारला, आणि इंद्रजीत बिनधास्त बाही वर सारून माझ्यासमोर बसला... वर हसला! सुईसमोर हसणाऱ्या माणसांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

मी फेथ, शिरूरची; दौंडच्या एका दवाखान्यात रक्त काढते. फ्लू छातीत उतरलेल्या पेशंटच्या रक्तात आणि हार्मोन्समध्ये काय बदलतं, याचा अभ्यास तिथे चालू होता. इंद्रजीतही त्यात होता. दर आठवड्याला एकदा, असं चारदा रक्त द्यायचं.

"हळू टोचा हां, मॅडम."

"घाबरता?"

"न्हाई... पण हळू टोचलं की जास्त येळ लागतो ना."

मी मान खालीच ठेवली. कान मात्र तापले.

चौथ्या, शेवटच्या वेळी नेमकी मी रजेवर. परतल्यावर रिपोर्ट पाहिला आणि चक्रावले. सूज दाखवणारा सीआरपी उतरलेला, ठीक. पण कॉर्टिसॉल? सकाळी आठला ते हार्मोन चढलेलं असतं, रात्री उतरतं; आधी तिन्ही वेळा चढलेलं होतंही. आता अगदी तळाला! मी नाही म्हणून यानं सोबत येणाऱ्या धाकट्या भावाला तर पाठवलं नाही? एवढा गोड बोलणारा माणूस खोटा निघाला तर... विचारानेच मला रडू यायला लागलं.

मी त्याला बोलावून घेतलं. तो आला, डोळे लालबुंद.

"खरं सांगा. रक्त कुणाचं दिलंत? भावाचं?"

"माझंच की!"

"मग सकाळी आठला तुमच्या शरीरात रात्र कशी?"

तो वरमला. "धा दिवस झाले, वरवंडला मामाच्या गुऱ्हाळावर रातपाळी करतोय. दिवसा झोपतो. डॉक्टरांनी आराम सांगितला व्हता... म्हणून बोललो न्हाई."

"हे डॉक्टरांना सांगणार आहे मी."

"सांगा." तो माझ्याकडे बघत राहिला. "पण मॅडम, येवढं फोनवर बी इचारता आलं असतं."

आता वरमायची पाळी माझी.

"फोनवर डोळे दिसत नाहीत," मी म्हणाले. "तुम्ही खोटे निघाला असतात, तर मला फार लागलं असतं. आवडता तुम्ही मला... झालं समाधान?"

तो पुन्हा पहिल्या दिवसासारखा हसला.

"आता घरी जाऊन झोपा. आणि रविवारी चर्चमधली प्रार्थना सुटली की शिरूरला आमच्या घरी या. आई माझ्याहून संशयी आहे."

"व्हय... उपाशीपोटी यायचं का?"

"उपाशीच या. जेवायला बोलावतेय."