वल्ली आणि माईची थाळी

आमची वल्ली तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. आई नाही, बाबा नाही, काही म्हणजे काही नाही! आणि कान तर तिचे ठणठणीत होते. निदान घरात सगळ्यांची तशी खात्री होती.

ती खात्री माईची, म्हणजे आमच्या आजीची. चंद्रावरच्या वसाहतीत राहायला आलो तरी माईने आपली पितळी थाळी सोडली नाही. वल्लीच्या पाठीमागे ती थाळी जमिनीवर दाणकन आपटायची आणि वल्ली वळायची. "बघा, ऐकू येतंय की! बोलेल सावकाश," म्हणत माई जीभ सुटावी म्हणून तिला वेखंड चाटवायची. जन्मल्यावर करायची कानांची तपासणी यानाच्या प्रवासात राहिली, ती राहूनच गेली.

मी जुई, वय अकरा, आणि माझा पारा चटकन चढतो. वल्लीने माझी वही फाडली तेव्हा मी ओरडले, "मुकी कुठली!" ती माझ्याकडे बघून गोड हसली. आठवलं की मला अजून स्वतःची लाज वाटते.

शेवटी आईने डॉक्टर आगवेकरबाईंना बोलावलं. थाळीची हकीकत ऐकून त्यांनी जमिनीवर पाय आपटून पाहिला. "ही जमीन तर धातूची! पोरीला जाड गादीवर बसवा बरं."

माईने थाळी आपटली. वल्ली ठोकळे रचत राहिली. माईने पुन्हा आपटली, सगळा जोर लावून. वल्लीने मानसुद्धा वर केली नाही.

यंत्रावर तपासून बाई म्हणाल्या, "जमिनीचा कंप (थरथर) तिच्या अंगाला जाणवायचा. आवाज म्हणजेही कंपच, पण तो हवेतून कानाच्या पडद्यावर येतो आणि आत शंखिकेत (शंखासारख्या वळणदार नळीत) जातो. तिथल्या पेशी मेंदूला निरोप धाडतात. हिच्या त्या पेशी दुबळ्या आहेत. जे कधी ऐकलंच नाही, ते ही बोलणार कशी?"

"सगळ्या उशिरा बोलणाऱ्यांचं असंच असतं?" मी विचारलं.

"छे! कुणाला स्वमग्नता (इतरांशी संवाद साधायला अवघड जाणं) असते, कुणाच्या मेंदूची वाढ सावकाश होते. पण कान आधी तपासायचे."

"मग ही तीन वर्षं?" माईने विचारलं.

"ती गेली, माई. भाषा शिकायची सगळ्यात चांगली वर्षं होती ती. आता खूप मेहनत लागेल."

माईने थाळी उचलून आत ठेवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

महिन्याने वल्लीला श्रवणयंत्र बसवलं. आधी ती घाबरून खूप रडली. शांत झाल्यावर मी तिला गादीवर बसवलं, मागे गेले आणि म्हटलं, "वल्ली."

ती वळली! ते आपलं नाव आहे, हे तिला अजून ठाऊकच नव्हतं. मी पुन्हा हाक मारली.