पुठ्ठ्यामागची रेषा

शुक्रवारी सकाळी अकराला मी पाषाणच्या प्रयोगशाळेत पोहोचलो. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानासाठी पाचशे शब्द हवे होते. पीएच.डी. करणारी मिसबा शेख पाच वर्षं एकाच कणामागे होती. अर्धवाहकाच्या पातळ थरात प्रकाश आणि पदार्थ मिसळून तो तयार होतो आणि सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागात विरतो. तेवढ्यात तिला तो लेसरच्या झोताने हुकमी चालू-बंद करायचा होता. सोमवारी लेसर दुसऱ्या गटाकडे जाणार होता. आज आलेख जमला नाही, तर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गळणार होतं.

“पाच वर्षं आरसे पुसलेत हिने,” तिचे मार्गदर्शक जयसिंग सर मला म्हणाले. “नाहीच जमलं, तर लक्ष्मी रोडला काचेचं दुकान.”

“उद्घाटनाला तुम्हीच या, सर,” मिसबा म्हणाली.

झोत दोन. पहिला कणाला हलवतो, दुसरा परिणाम वाचतो. प्रत्येक मोजणीआधी पहिला झोत काळ्या पुठ्ठ्याने अडवून एक कोरी मोजणी घ्यायची, हा तिचा नियम. रेषा शून्यावर सपाट हवी. नाहीतर पुढचं सगळं रद्द.

रेषा सपाट आली नाही. एक उंचवटा आला, मग सुबक उतार.

मिसबाने दुसरा पुठ्ठा लावला. दिवे मालवले. आरसे तपासले. प्रकाश कुठूनही झिरपत नव्हता. शेवटी पुठ्ठे काढून तिने खरी मोजणी घेतली आणि दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या.

एकच रेषा दिसत होती.

“उंचवटा जुळेल,” सर म्हणाले. “रेषेवरची बारीक खरखर कशी जुळेल? ती दर वेळी वेगळी असते.”

तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा खऱ्या मोजणीत जे आलं, ते कोऱ्या मोजणीत आधीच येऊन गेलं होतं. कण हुकमावर चालू होत होता, बंद होत होता. मिसबाला हवं होतं ते हेच. तिच्याच नियमाने ते रद्द होतं.

तिने वही ओढली आणि लिहिलं: कोरी मोजणी शून्य नाही.

“हे वाचून परीक्षक प्रकरण उडवतील,” सर म्हणाले.

“न लिहून कसं चालेल, सर?”

सरांनी पेन मागून घेतलं, खाली सही केली आणि कार्यालयाला फोन लावला. “लेसर हलवू नका. महिनाभर तरी. हो, लेखी देतो.”

मिसबाचा चेहरा उजळला.

निघण्याआधी तिने लेसरच बंद केला, दोन्ही झोत विझले, आणि शेवटची कोरी मोजणी लावली. आम्ही तिघं दाराशी थांबलो. पडद्यावर रेषा उमटू लागली. आजवरची सगळ्यात उंच, सगळ्यात स्वच्छ.

“हिची खरी मोजणी अजून घ्यायची आहे,” मिसबा हळूच म्हणाली.

उतारावर बारीक थरथर होती. ती कशाने येते, मी मिसबाला विचारलं.

“टेबलावर कुणी हात टेकला की येते. आम्ही टेकत नाही.”

टेबलापाशी कुणी नव्हतं.

थरथर थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा जोरात.