रावसाहेबांचं पाणी

दार उघडलं तेव्हा हातात बादली घेतलेला माणूस दिसला, म्हणून तिने त्याला सरळ स्वयंपाकघरात नेऊन गळका नळ दाखवला. तोही मुकाट्याने बाह्या सरसावून बसला. नळ थांबला तेव्हा हात पुसत म्हणाला, "आता माझं काम सांगू? मी माशांच्या टाकीसाठी आलोय. माझं चष्म्याचं दुकान आहे."

"अगं बाई! मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

ती हसली, आणि लगेच ओशाळली. दादा जाऊन चार महिने झाले होते. गाडी घसरल्याचं निमित्त, आणि होत्याचं नव्हतं झालं. त्या घरात तेव्हापासून कोणी हसलं नव्हतं. दिवाणखान्यात दादाची खाऱ्या पाण्याची टाकी होती, आणि तिच्यात एकच मासा उरला होता... केशरी अंगावर पांढरे पट्टे, चाल ऐटबाज. दादा त्याला रावसाहेब म्हणायचा.

"न्या एकदाचं ते डबडं," आई आतूनच म्हणाली. "माझ्याच्याने बघवत नाही."

चष्मेवाल्याने दुर्बिणीसारखी छोटी नळी काढली, तिच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब ठेवला आणि उजेडाकडे धरून डोळा लावला. "अडतीस! फार खारट झालंय. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. माझ्या दुकानातल्या टाकीतलं पस्तीस आहे. असाच उचलून नेला तर सोसणार नाही त्याला. रोज थोडं खारं काढा, तेवढंच गोडं घाला. सावकाश. दोन्ही पाणी जुळलं की नेतो." नळी तिच्या हातात देऊन तो म्हणाला, "मी रोज फोन करीन."

ती दुपारी शाळेत शिकवून आली की फोन वाजायचा.

"आज किती?"

"सदतीस. आणि दुपारचे तीन वाजलेत. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं वाटतं?"

"असतं ना. पण त्यांना धूसर दिसतं, मी फोनवर आहे हे कळत नाही."

काय मेलं हसू यायचं तिला! फोन ठेवल्यावरही ती तशीच टाकीपाशी उभी राहायची. आवडायला लागला होता तो, उगाच लपवाछपवी कशाला?

पण पाणी काही जुळेना. सदतीसवर आलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेअडतीस. तो दोनदा येऊन नळी तपासून गेला. नळी बिनचूक होती. रावसाहेब मात्र खाईनासा झाला.

"खरं सांगा," तो फोनवर हळूच म्हणाला, "तुम्हीच मूठभर मीठ टाकता ना? माझा फोन बंद होऊ नये म्हणून?"

"काही तरीच तुमचं!" ती म्हणाली, पण कान तापले. "आणि टाकत असते तर... कबूल केलं असतं का?"

एके दिवशी शाळा लवकर सुटली. ती घरात आली तर आई टाकीपाशी. एका हातात दादाचा मिठाचा डबा, दुसरा हात कोपरापर्यंत पाण्यात.

"आई! काय करतेस हे?"

आई दचकली नाही. "पाणी जुळलं की तो नेणार ना गं?"

रावसाहेब दगडाच्या कडेला आडवा पडून धापा टाकत होता. तिने फोन केला. चष्मेवाला दुकान तसंच टाकून धावत आला. बादलीत बेताचं खारं पाणी करून त्यात माशाला ठेवलं, बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिला. काही उपयोग झाला नाही.

मुलगा गेला तेव्हा न रडलेली आई त्या बादलीपाशी हंबरडा फोडून रडली. "पोराला धरून ठेवता आलं नाही, म्हणून ह्याला धरत होते गं... आणि मीच मारला!"

तिने आईला जवळ घेतलं. आणि तेवढ्यातही मनात आलंच, आता फोन येणार नाही. स्वतःचीच लाज वाटली तिला.

फोन खरंच आला नाही. तिनेही केला नाही. मासा गेल्यावर कुठल्या तोंडाने करायचा? टाकीतलं पाणी तसंच होतं, रिकामं. आई तिकडे पाठ करून बसायची.

मग एका रविवारी तोच दारात उभा. हात रिकामे. दार आईने उघडलं होतं. ती मागेच थबकली.

"मासा राहिला नाही आता," आई म्हणाली. "टाकी न्यायला आलात?"

"टाकी नको, काकू. तुमच्या मुलीशी रोज बोलायचो. आधी मिठाचं निमित्त होतं. आता निमित्त नाही, आणि... बोलल्याशिवाय राहवत नाही."

आईचा हात मागे गेला. तिने लेकीचं मनगट घट्ट पकडलं.

"म्हणजे आता हिलाही नेणार."

"न्यायचं मी म्हणालोच नाही. मी येत जाईन. तुम्ही म्हणाल तितके दिवस."

मनगट दुखायला लागलं, तरी लेकीने ते सोडवून घेतलं नाही.

"मला विचारू नका, हिला विचारा," आई शेवटी म्हणाली. "पण माझ्याच्याने एकदम सोडवणार नाही हो."

"नको सोडूस," ती म्हणाली. मग आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत स्पष्ट म्हणाली, "मलाही करमत नव्हतं. तुम्ही आवडता मला. आत या."

आईने मनगट धरूनच बाजूला होऊन त्याला वाट दिली.