ग्राहकाचा फोटो

वाटूर फाट्यावरून गावात शिरलं की डाव्या हाताला तिसरं घर रामकिसनचं. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. प्लॉट बायकोच्या, सोनूबाईच्या नावावर घेतलेला, म्हणून विजेचं मीटरही तिच्याच नावावर. मागच्या चैत्रात सोनूबाई आठ दिवसांच्या दुखण्यात गेली. रेशनकार्डातून नाव कमी झालं, मतदारयादीतून झालं. वीजबिल मात्र तिच्या नावानं येत राहिलं. ते बदलायला रामकिसन गेला नाही. बिल आलं की तो आधी नाव वाचायचा, मग आकडा.

पौषात परतूरचा हरिओम आला. छतावर सोलर बसवून द्यायचा त्याचा धंदा. तीस-बत्तीसचा, तोंडाचा गोड.

"काका, तीन किलोवॅट बसवा. तुमी वापरून उरलेली वीज लाइनीत जाती, तिची युनिटं बिलात जमा व्हत्यात. बिल झीरो. वरून सरकारचं अनुदान." त्यानं बिल हातात घेतलं. "काकूंच्या नावावर हाय व्हय मीटर? काकू हायेत ना घरी?"

"हाय," रामकिसन म्हणाला.

असं का म्हणालो, हे तो पुढं कितीतरी दिवस स्वतःला विचारत राहिला. एक मन म्हणायचं, शेवटच्या एका कागदावर तिचं नाव उरलंय, तेवढं तरी राहू दे. दुसरं मन म्हणायचं, नाव बदलायला महिने जातील, तोवर अनुदान हातचं जाईल. त्या वेळी कोणतं मन आधी बोललं, ते त्याला कधीच ठरवता आलं नाही. लाज वाटायची ती याचीच.

माघात छतावर सहा पॅनल चढले. मग हरिओम म्हणाला, "आता ग्राहकाचा फोटो. काकूंना पॅनलजवळ उभं करायचं. लोकेशनसकट फोटो टाकावा लागतो. त्याबिगर अनुदान न्हाई."

"उद्या ये," रामकिसन म्हणाला. "आज ती गावाला गेली."

शेजारची चांगुणाबाई त्याला रोज दोन भाकरी आणून द्यायची. सोनूबाईची जिवाभावाची, आणि बारा वर्षांपासून विधवा. तिला विचारताना त्याची मान वर झाली नाही.

"दादा, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? तिच्या जागी मी उभी राहू?"

"दोन मिन्टाचं काम हाय. पदर पुढं घे, तोंड पुरतं दिसायचं न्हाई."

"आन् कुंकू? का बिनकुंकवाचीच सवाष्ण उभी करता?"

चांगुणाबाईनं बराच वेळ भाकरीचं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं.

"माझ्या लेकीच्या बाळंतपणात सव्वा महिना राबली ती," शेवटी ती म्हणाली. "त्यापायी करते. पुन्हा मला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सोनूबाईची हिरवी साडी नेसून ती छतावर उभी राहिली. कुंकू जरा तिरपं लागलं होतं. भर दुपार होती. पॅनलच्या काचा डोळ्यांत घुसत होत्या.

"काकू, हसा की जरा! फाशीला उभ्या केल्यावानी काय करता?" हरिओम म्हणाला. मग फोनमध्ये बघून म्हणाला, "एक नंबर."

खाली उतरताच चांगुणाबाईनं पदर ओला करून कपाळ पुसलं. कुंकू गेलं तरी ती पुसतच राहिली. कपाळ लाल झालं.

पंधरा दिवसांनी वीज कार्यालयाचा मिथुन येणारी-जाणारी वीज मोजणारं नेट मीटर बसवून गेला. तेव्हा रामकिसन शेतात होता. संध्याकाळी फाट्यावर गाठ पडली.

"काका, मीटर बसवून टाकलं. काकूंनी खिडकीतून चहा दिला. पण बिनसाखरेचा," मिथुन हसत म्हणाला. "म्हन्ल्या, साखरेचा डबा कुठं ठेवून दिला ह्यांनी, सापडून नाही राह्यला."

चांगुणाबाई असेल, असं रामकिसन मनाशी म्हणाला. पण चांगुणाबाई सकाळच्या एसटीनं लेकीकडं गेली होती, अजून आली नव्हती. घराला कुलूप जसंच्या तसं. आत मोरीपाशी एक कपबशी धुऊन पालथी घातलेली. बशीखाली पाण्याचं ओलं कडं.

सोनूबाई साखर खालच्या फळीवर ठेवायची. ती गेल्यावर मुंग्या लागायला लागल्या, म्हणून त्यानं डबा वर माळ्यावर ठेवला होता. त्यानं स्टूल घेतलं, डबा काढला आणि खालच्या फळीवर ठेवला. का ठेवला, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग हरिओमचा फोन आला. "काका, सगळ्या गिऱ्हाइकांत तुमची युनिटं जास्त. बाकीच्यांच्या पॅनलवर हे धुळीचे थर. काकू रोज पुसतात ना? येता-जाता दिसतात मला रोडवरून. हात करतो, पण बघतच न्हाईत."

"हो," रामकिसन म्हणाला.

फोन ठेवून तो शिडीनं वर गेला. पॅनल ओले होते, कडेकडेनं वाळत होते. काचेवर फडक्याचे अर्धगोल फराटे, एकाला एक लागून. कठड्यावर त्याच्या जुन्या बनियनचा तुकडा पिळून पसरलेला. सोनूबाईचे गुडघे गेलेले होते. मागच्या दहा वर्षांत ती शिडी चढली नव्हती.

दूधवाला म्हणाला, वहिनींनी अर्धा लिटर वाढवायला सांगितलं. रामकिसन म्हणाला, हो. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, वहिनी बारीक झाल्या. रामकिसन म्हणाला, हो. नाही म्हणायचं, तर फोटोत कोण उभी होती ते सांगावं लागलं असतं. ज्यांनी तिच्या मयतीला खांदा दिला, तीच ही माणसं. त्यांनाही ती गेली हे आठवत कसं नाही, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही. दर वेळी हो म्हटलं की घरात काही ना काही आपल्या जुन्या जागी गेलेलं असायचं.

पहिलं बिल आलं. एकशे चाळीस युनिटं जमा, भरायची रक्कम शून्य. वर तिचं नाव. ते त्यानं वाचलं नाही.

चैत्र लागला. जाफराबादला दिलेल्या लेकीचा, अर्पिताचा फोन आला. "बाबा, रविवारी येते. आईच्या वर्षश्राद्धाचं भटजींना सांगितलं का?"

सांगितलं होतं. पण पिंड कुणाला द्यायचा? सरकारदरबारी जी बाई छतावर उभी आहे, तिला? आणि लेकीच्या समोर? तिला कुणी फाट्यावर सांगितलं, तुझी आई बारीक झाली म्हणून, तर?

सकाळी त्यानं मृत्यूचा दाखला पिशवीत घातला आणि जीपनं परतूर गाठलं.

वीज कार्यालयात बिभीषण नावाचे क्लार्क बसले होते. पन्नाशीचे, शांत. रामकिसन उभ्यानंच बोलला. पाठ केलेलं होतं.

"साहेब, माझ्याकडनं चूक झाली. मीटर जिच्या नावावर हाय ती वारली. वर्ष झालं. फोटोत दुसरी बाई उभी केली मी. काय दंड असल तो करा, पण कागदावर लिहा, ती वारली म्हणून."

बाजूच्या टेबलांवरची माणसं बोलायची थांबली. रामकिसनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण बोलून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

बिभीषणांनी दाखला वाचला. फाईल काढली. पुन्हा दाखला वाचला.

"बसा काका," ते हळू म्हणाले. "परवा काकू इथं येऊन गेल्या."

रामकिसन बसला नाही.

"ह्याच खुर्चीवर बसल्या. म्हन्ल्या, ग्राहक मयत असल तर घरच्या माणसाला काय करतात? मी म्हन्लं, काकू, तुमी तर समोर बसलात. तर म्हन्ल्या, तसं न्हाई, पण ह्यांना तरास व्हायला नको."

कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. ऊन लागलं असेल म्हाताऱ्याला, असं कुणीतरी म्हणालं.

"थांबा," बिभीषण म्हणाले. "घरी कळवतो." फाईलवरचा नंबर बघून त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला.

तो नंबर सोनूबाईचा. तिचा फोन रामकिसनच्या सदऱ्याच्या खिशात होता. ओटीपी लागला तर, म्हणून आणलेला.

त्यानं खिशावर हात ठेवला.

खिशात काही वाजलं नाही.

"हां, काकू? वीज कार्यालयातून बोलतो. इथंच हायेत. न्हाई न्हाई, बरे हायेत. देतो."

बिभीषणांनी मोबाईल पुढं धरला. रामकिसननं तो कानाला लावला.

"त्यांना कशाला सांगितलं?" सोनूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आपल्या दोघांत ऱ्हायलं असतं."

रामकिसननं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू यायलंय ना? रविवारी अर्पिता यायलीय," ती म्हणाली. "तिला काय सांगायचं, ते घरी बसून ठरवू."