कॅरिअर कापलेली सायकल

माझ्या सायकलला कॅरिअर का नाय, असं तुम्हीच नाय, गुलमंडीतले दुकानदार पण विचारतात. पिशवी हँडलला अडकवून येतो मी, चालतंय. बसा, सांगतो. हसायचं मात्र नाय.

करोनाच्या वर्षी मी एकटाच सायकलवर काश्मीरला निघालो होतो. राजस्थानात लॉकडाऊननं गाठलं. एका शाळेत कोंडून ठेवलं, मग मे महिन्यात पास दिला आणि म्हणाले, जा घरी. आलो की पॅडल मारत! डोक्याला एकच घोर. आईला जुना दमा, आपल्यामुळं तिला काय व्हायला नको.

कन्नडचा घाट चढून एका लिंबाखाली टेकलो. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाजूला झिजलेल्या चपलांचा जोड पडला होता, माणूस कुठंच नाय. तेव्हा पायी गावाकडं चाललेली माणसं रोज दिसायची. असल्या उन्हात हा अनवाणी कुठं गेला, म्हणून मी हाक मारली, "कुणी हाय का? चला, घरी सोडतो."

जरा वाट बघून मी सायकलवर टांग टाकली आणि मागचं चाक दबलं.

टायर बघितला, हवा टम्म. सामान तर वाटेतच लोकांना देऊन टाकलं होतं. तरी पॅडल जड. वेरूळ गेलं, दौलताबाद गेलं, आणि मागून कसला तरी वास येत राहिला, तापलेल्या धुळीचा, घामाचा. मी स्वतःलाच शिव्या घातल्या. दमलायस गाढवा, दुसरं काय!

पडेगावच्या नाक्यावरनं हवालदार लांबूनच ओरडला, "ए, डबलसीट बंद हाय! मागच्याला उतरव!"

जवळ गेलो तसा तो माझ्या मागं बघत राहिला. काठी खाली घेतली. "आत्ता तर होता..." एवढंच म्हणाला. पास बघितलासुद्धा नाय.

पुंडलिकनगरात आमच्या घरी आई गेटवर उभीच होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरनं तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय ती उंबरा ओलांडू देत नाय. मागं काय लागून आलं असंल तर ते बाहेरच राहतं, म्हणते. ती पुढं आली आणि मी खेकसलो, "आई, लांब हो! पाया पडतो तुझ्या, जवळ येऊ नको!"

"अरं गोकुळ, नुसता ओवाळते..."

"नाय म्हणलं ना!"

तिचा हात तसाच राहिला. मी सायकल आत घेतली आणि गच्चीवरच्या खोलीत एकटा राहायला लागलो.

मला काय बी झालं नाय. ताप नाय, खोकला नाय. पण आठवडाभरानं सकाळी खालून माझ्या बहिणीची, सरिताची, हाक आली. आईला धाप लागली होती. ॲम्ब्युलन्सचा फोन लागेना, रिक्षा बंद. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाय. म्हणलं, सायकलवर दवाखान्यात नेतो.

आई ओट्यावर बसली होती. सरिता औषधं आणायला आत पळाली. मी सायकल ओट्याला लावली आणि माझा श्वास आईवर पडायला नको म्हणून तोंड पुढं करून उभा राहिलो. "बस आई, सावकाश."

मागचं चाक दबलं. कमरेला हात आला.

"बसलीस ना नीट?"

धाप लागलेलं माणूस काय बोलणार? औषधांसाठीसुद्धा थांबलो नाय, सुटलोच.

सेव्हन हिलच्या चौकाजवळ पोलीस आडवा आला. मी ओरडलो, "आई हाय मागं, दमा हाय!" त्यानं मागं बघितलं आणि दोन पावलं सरकून वाट दिली.

तेवढ्यात फोन वाजला, चालवतच एका हातानं कानाला लावला. सरिता रडत होती.

"दादा, आईला ठेवून कुठं गेलास रे? ओट्यावरच हाय ती... तुला हात करत होती... लवकर ये..."

तोच वास आला. तापलेल्या धुळीचा, घामाचा. कमरेवरचा हात आणखी घट्ट झाला.

आई तिकडं श्वासासाठी तडफडत होती. परत तर जायलाच पाहिजे होतं, आणि जायचं म्हणजे ह्याला घेऊनच. लई भ्यालो मी. मान वळवायची हिंमत होईना. हात जोडायला हँडल सोडता येईना.

"उतरा..." मी कसंबसं म्हणलं. "उतरा ना आता..."

मागून पहिल्यांदाच आवाज आला. लई दमलेल्या माणसाचा.

"घरी सोडतो म्हणला व्हतास ना..."